दोघांत एक बंदूक

मुलाची पहिली रायफल मुलाची नसावी. मला एवढंच म्हणायचंय. पण हे वाक्य मी राहतो तिथे उच्चारलं तर लोक मला बंदुकद्वेष्टा ठरवतात आणि तुम्ही राहता तिथे उच्चारलं तर "म्हणजे दुसरी चालेल का?" असं विचारतात. दोन्ही बाजूंशी भांडायचं असल्यामुळे लेख थोडा लांबणार आहे.

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहतो. मॅडिसनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो, वय २८. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. ऑक्टोबर लागला की ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "पोरगा दहाचा झाला. पहिली रायफल कुठली घेऊ?" आपल्याकडे दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे ज्या गांभीर्याने विचारलं जातं, अगदी त्याच गांभीर्याने. आणि उत्तरं आकड्यांत येतात. कुणी म्हणतं टू-फोर-थ्री घे, कुणी म्हणतं सेव्हन एमएम ओ-एट, कुणी म्हणतं माझ्या आजोबांची थर्टी-थर्टी आहे, तीच देतो.

आधी तुमच्याशी भांडतो. हा प्रश्न ऐकून "रानटी लोक" असं मनात आलं असेल, तर जरा थांबा.

विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणं लाखांत आहेत. त्यांना खाणारे लांडगे माणसाने कधीच बाजूला सारले. हरणं मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात शिरतात, जंगलातली कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत, रात्री हायवेवर गाडीसमोर उभी ठाकतात. २००२ साली या राज्यातल्या हरणांमध्ये मेंदूचा एक जीवघेणा रोग सापडला. त्यावर औषध नाही, आणि दाटीने राहणाऱ्या कळपांत तो पसरत राहतो. संख्या आटोक्यात ठेवायला शिकारी लागतात. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे प्रत्येक रायफलीवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ज्या अभयारण्यात आपण रविवारी फोटो काढत फिरतो, त्याच्या खर्चातला काही वाटा या नारिंगी जाकीटवाल्यांनी उचललेला असतो.

आणि मटण. एका हरणात एका कुटुंबाचा फ्रीझर बराच भरतो. मी दुकानातून प्लास्टिकच्या ट्रेमधली कोंबडी आणतो, तिचा पत्ता मला ठाऊक नसतो. इथल्या बारा वर्षांच्या मुलीला ताटातलं मांस कुठल्या ओढ्याकाठी चरत होतं हे माहीत असतं, कारण त्याची आतडी काढताना तिने कोपरापर्यंत हात घातलेला असतो. दोघांत जास्त प्रामाणिक जेवण कुणाचं, हे शाकाहारी माणसाने ठरवावं. मला तो अधिकार नाही आणि बिर्याणी खाणाऱ्या बहुतेक वाचकांनाही नाही.

तेव्हा मुलाला शिकार शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. शिकवावी, नीट शिकवावी. मी स्वतः इथला शिकार-सुरक्षेचा कोर्स केला. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्या कुणालाही एकट्याने शिकारीला जायचं असेल तर तो करावाच लागतो. वर्गात बहुतेक मुलं अकरा-बारा वर्षांची, मधे मी एकटा दाढीवाला. चार नियम घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. निशाण काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवा. प्रात्यक्षिकात काटेरी तारेचं कुंपण ओलांडायचं असतं. मी रायफल रिकामी करून कुंपणाखालून पलीकडे सरकवली, तर शेजारची मुलगी म्हणाली, "नळी तुमच्याकडे आहे." वय अकरा असेल. अशी मुलं घडवणाऱ्या संस्कृतीला रानटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता इथल्यांशी.

कॉफी मशीनपाशी जो सल्ला दिला जातो, त्यातला निम्मा बापाच्या हौसेचा असतो. सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "मोठीच घे, पुढे पुरेल". आपल्या आया जूनमध्ये वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घेतात ना, अगदी तेच. फरक एवढाच की ढगळ शर्ट खांद्यावर आपटत नाही.

गणित सोपं आहे, बारावीच्या फिजिक्सचं. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. तो धक्का फूट-पौंडात मोजतात. १९०६ साली सैन्यासाठी आलेलं .३०-०६ काडतूस आठ पौंडांच्या रायफलीतून साधारण २० फूट-पौंड धक्का देतं. .३०० विंचेस्टर मॅग्नम पंचविशीत जातं. १९५५ साली आलेलं .२४३ विंचेस्टर नऊच्या आसपास राहतं, आणि शंभर-दीडशे यार्डांवरच्या हरणाला ते पुरेसं आहे, गोळी योग्य जागी लागली तर. योग्य जागी लागणं हाच सगळा मुद्दा आहे. एकदा खांदा सडकून निघाला की मूल पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतं, मान आखडतं आणि गोळी पोटात जाते. मग ते हरीण रात्रभर झुडपांत मरत राहतं. मोठ्या काडतुसाने हरीण जास्त मरत नाही. नेम चुकला तर हाल मात्र तितकेच होतात.

त्यात एक गंमत आहे जी दुकानात सहसा सांगत नाहीत. मुलांसाठी म्हणून ज्या आखूड रायफली विकतात, त्या हलक्या असतात. काडतूस तेच ठेवून रायफल आठ पौंडांवरून सहावर आणली की मागे येणारी ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. म्हणजे लहान खांद्याला मोठा धक्का, तोही 'यूथ मॉडेल' या नावाखाली. मोठ्यांच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत सुमारे साडेतेरा इंच अंतर असतं. मुलाला बारा-साडेबारा लागतं. त्यासाठी वेगळी हलकी रायफल घ्यायची गरज नाही. दस्त्यात पट्ट्या घालून लांबी कमी-जास्त करता येईल अशी, अंगाने जरा जड, बोल्ट हाताने ओढायला लागेल अशी साधी रायफल घ्यावी. सौम्य काडतूस वापरावं. कानाला संरक्षण सक्तीचं, कारण रायफलीचा एक आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. आणि मचाणावर टेकवायला आधार.

झालं. 'कुठली घेऊ'चं उत्तर संपलं, दोन परिच्छेदांत. एवढ्या उत्तरासाठी लोक महिनाभर वाद घालतात, कारण यात न बोललेला एक प्रश्न लपलेला असतो: ती कुणाची?

बाजाराचं उत्तर ठरलेलं आहे. पेनसिल्व्हेनियातली एक कंपनी क्रिकेट नावाची छोटी रायफल 'माझी पहिली रायफल' या घोषवाक्याखाली विकते, गुलाबी दस्त्यातही मिळते. २०२२ च्या जानेवारीत लास वेगसच्या प्रदर्शनात दुसऱ्या एका कंपनीने एआर-१५ ची बालआवृत्ती आणली, जेआर-१५. तिच्या जाहिरातीतल्या चिन्हांत तोंडात चोखणी धरलेली कवटी होती. हे मी रंगवून सांगत नाही. आणि या दोन्ही बंदुका .२२ रिमफायरच्या. विस्कॉन्सिनमध्ये रिमफायरने हरीण मारणं बेकायदा आहे, कारण ती गोळी हरणाला धड मारत नाही. म्हणजे ज्या परंपरेचं नाव घेऊन ही वस्तू विकली जाते, त्या परंपरेत तिचा काही उपयोगच नाही. डबे, पुठ्ठे आणि खारी यांच्यावर नेम धरायला ती ठीक. पण ती विकली जाते 'माझी' या शब्दावर.

आणि कायद्याचं उत्तर? इथे माझा खरा राग आहे.

२०१७ पर्यंत विस्कॉन्सिनमध्ये मार्गदर्शकाच्या सोबतीने शिकार करायला किमान वय दहा होतं. मार्गदर्शकाने मुलाच्या हाताच्या अंतरावर राहायचं. आणि तिसरा एक नियम होता, ज्याच्या मी प्रेमात आहे: दोघांत मिळून एकच शस्त्र. एक मोठा, एक लहान, एक बंदूक.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने नवा कायदा केला. किमान वय गेलं आणि एका बंदुकीची अटही गेली. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात एक वर्षसुद्धा पूर्ण न झालेल्या दहा बाळांच्या नावाने परवाने निघाले. बातम्या त्या बाळांवरच अडकल्या आणि सगळे हसले. मला त्या बाळांची फारशी काळजी नाही. तो बापाचा आठवणीसाठी घेतलेला कागद आहे, फ्रेम करून भिंतीवर लावायचा. काळजी आहे ती एका बंदुकीच्या अटीची. ती गेली तेव्हा मात्र फारसं कुणी हललं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात 'वापरणारा नीट वागेल' या गृहीतावर सिस्टिम उभी केली की ती पहाटे तीन वाजता पडते. चांगला नियम तो, जो पाळायला सद्गुण लागत नाहीत. एका बंदुकीचा नियम तसा होता. मार्गदर्शकाच्या हातात स्वतःची रायफल असली की तो शिकारी होतो. झाडीतून दहा फाट्यांच्या शिंगांचा नर बाहेर आला की त्याची नजर नरावर जाते आणि शेजारचं नऊ वर्षांचं मूल, भरलेली बंदूक हातात घेऊन, दहा सेकंद एकटं पडतं. हाताच्या अंतरावर असूनही एकटं. पण त्याचे हात रिकामे असतील तर त्याला मुलाकडे बघण्यावाचून दुसरं कामच उरत नाही. नियमाने त्याला चांगला बाप केलं नव्हतं. फक्त दुसरं काही करायची सोय ठेवली नव्हती.

माझ्या टीममधला एक सीनियर हा जुना नियम अजूनही पाळतो. कायद्याने सोडला तरी त्याने सोडला नाही. गेल्या वर्षी मी त्याच्याबरोबर आणि त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीबरोबर गेलो होतो. माझ्याकडे थर्मास आणि सँडविच एवढीच जबाबदारी. सकाळी आठच्या सुमारास एक मादी टेकाडावर येऊन उभी राहिली. अंतर चांगलं, वारा चांगला. मुलीने रायफल टेकवली, गाल लावला, बराच वेळ बघितलं. मग सेफ्टी होती तशीच ठेवून म्हणाली, "मागे आकाश आहे." टेकाडाच्या माथ्यावर उभं जनावर, मागे माती नाही, गोळी चुकली तर कुठे जाईल सांगता येत नाही. तिने रायफल बापाकडे सरकवली. बाप म्हणाला, "बरोबर." आणि चॉकलेट काढलं. हरीण शेपटी उडवत गेलं. त्या चार तासांत त्याने तिच्याकडे जितकं लक्ष दिलं, तितकं माझ्याकडे कुठल्याही कोड रिव्ह्यूत दिलेलं नाही.

यावर इथे तीन उत्तरं मिळतात. पहिलं, "मूल कधी तयार झालं हे आईबापांनी ठरवायचं, सरकारने नाही." मान्य, ठरवा की. एका बंदुकीच्या नियमाने मुलाची तयारी मोजलीच नव्हती. त्याने मोठ्याचे हात मोकळे ठेवले होते. दुसरं, "शिकारी कमी होत चाललेत, मुलांना लवकर आणलं नाही तर परंपरा संपेल." परंपरा बंदुकांच्या संख्येने टिकते की सोबतीने? आल्डो लिओपोल्ड याच मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवायचे. वन्यजीव व्यवस्थापन हा विषयच त्यांनी उभा केला. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी बंदूक दिली ती एक मनाई जोडून: झाडावर बसलेला तितर मारायचा नाही, मारायचा तर उडता. सोपी शिकार दिसत असताना हात आवरायचा. बंदुकीपेक्षा ती मनाई मोठी भेट होती, आणि लिओपोल्ड पुढे तिच्याबद्दलच लिहितात.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार आहे: "शिकारीच्या अपघातात मुलं फारशी मरत नाहीत." हे खरं आहे. कोर्स आणि नारिंगी जाकिटं यांनी जंगल पूर्वीपेक्षा खूप सुरक्षित केलं आहे. पण हंगाम नऊ दिवसांचा आहे. उरलेले ३५६ दिवस ती रायफल घरात असते. आणि ती 'मुलाची' असेल तर ती मुलाच्या खोलीत असते.

२०१३ साली केंटकीत पाच वर्षांच्या मुलाने दोन वर्षांच्या बहिणीला गोळी घातली. बंदूक त्याची स्वतःची होती, भेट मिळालेली क्रिकेट, कोपऱ्यात उभी. आत काडतूस राहिलंय हे कुणाला ठाऊक नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या एका शाळेत दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले. आरोपी मुलगा १४ वर्षांचा. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार रायफल बापाने ख्रिसमसला दिलेली. सीक्रेट सर्व्हिसने शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरून घेतली होती. आणि ज्यांची बातमी होत नाही ती मुलं वेगळीच, रात्री दोन वाजता स्वतःवर चिडलेली, सोळा-सतरा वर्षांची. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. आजाराच्या आणि रस्त्यावरच्या अपघातांच्याही वर.

शेजारच्या मिशिगनने यातून काही शिकून घेतलं. तिथे १३ फेब्रुवारी २०२४ पासून अल्पवयीन मुलांचा वावर असलेल्या जागी, कुणाचं लक्ष नसताना, बंदूक रिकामी आणि कुलपात ठेवणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी तिथल्या एका शाळेत चार मुलांचा जीव घेणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना प्रत्येकी किमान दहा वर्षांची कैद झाली. मुलासाठी पिस्तूल आणणारे तेच होते. विस्कॉन्सिनचा कायदा मात्र चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक पडली आणि त्यातून काही घडलं, की मग जागा होतो. सिस्टिम कोसळल्यावर लॉग लिहिणारा प्रोग्राम. काय झालं ते सांगेल, थांबवणार काहीच नाही.

इथल्या मराठी आईबापांशीही दोन शब्द. तुमच्या घरात बंदूक नाही म्हणून हा विषय तुमचा नाही असं समजू नका. तुमचा मुलगा शनिवारी मित्राकडे झोपायला जातो. तुम्ही विचारता, घरात कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी सांगता, जेवणात बीफ नको म्हणता. "बंदूक आहे का आणि कुलपात आहे का?" हे विचारायची मात्र लाज वाटते, त्यांना काय वाटेल म्हणून. विचारा. ज्याच्या तिजोरीला कुलूप आहे तो शिकारी हा प्रश्न ऐकून खूश होतो, तिजोरी दाखवायला तळघरात घेऊन जातो. ज्याला राग येतो त्याच्याकडे मुलाला पाठवू नका. उत्तर मिळालं.

आणि पुण्या-नागपुरातल्यांनो, फार हसू नका. पोरगा पंधराचा झाला की बाप त्याला स्कूटर देतो, क्लासला जायला बरं म्हणून. "माझा मुलगा छान चालवतो" हे म्हणतानाचा चेहरा आणि "माझ्या मुलाचा नेम छान आहे" म्हणतानाचा चेहरा एकच असतो. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद लिहून ठेवली आहे. आणि क्लाससमोरची पार्किंगं तरीही भरलेली आहेत.

माझी मागणी लहान आहे. विस्कॉन्सिनने किमान वय काय ठेवायचं त्यावर वाद घालत बसावं, मला त्यात रस नाही. पण दोघांत एक बंदूक हा नियम परत आणावा. घरातल्या बंदुकीला कुलूप सक्तीचं करावं. आणि कायदा येईपर्यंत प्रत्येक बापाने स्वतःपुरतं ठरवावं: रायफल घ्या, मुलाच्या खांद्याला बसेल अशी घ्या, पण ती घराची असू द्या. किल्ली मोठ्यांकडे. वाढदिवसाला चमकदार कागदात गुंडाळून तिच्यावर मुलाचं नाव घालू नका.

कारण स्वतःच्या नावाची रायफल मुलाकडून काहीतरी मागत असते. एवढे पैसे खर्च झाले, आजोबांना फोटो पाठवायचाय, शाळेत सगळ्यांना सांगून झालंय. मग नेम नीट बसला नाही तरी बोट चापावर जातं. रायफल दोघांची असेल तर "आज नको" म्हणायला मूल मोकळं असतं. मारायला हरकत नाही, नियमात बसतंय, सगळे वाट बघतायत, आणि तरी नको, हे म्हणायला शिकणं ही शिकारीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पहिली रायफल निवडताना ती मुलाला किती सहज झाडता येईल हे सगळेच बघतात. ती त्याला किती सहज परत देता येईल, हेही बघा.